मजुरी अडवणं पाप आहे, तर आपण वजनकाट्यापाशी का उभं राहत नाही?

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. गावात कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी, चर्च म्हणजे कवेलूंची एक खोली. मिस्साला (सामूहिक उपासनेला) फादर तालुक्याहून येतात, मुलांचं धर्मशिक्षण मी घेते.

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की आमच्यात दरवर्षी विषय निघतो, यंदा गरिबांसाठी काय करायचं? मग धान्याच्या पिशव्या, कपडे, सिस्टरांच्या दवाखान्यातली औषधं. यातलं एकही काम कमी लेखण्यासारखं नाही. तो दवाखाना नसता तर आमच्याकडची कितीतरी बाळंतपणं बैलबंडीतच झाली असती. पण ज्या बाईच्या पदरात आपण पाच किलो गहू टाकतो, तिचीच मजुरी कोणी कापली तर आपण गप्प बसतो. मला यंदा त्यावर बोलायचं आहे.

कापूस वेचणीचं मोजमाप ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाया सकाळी दव असतानाच वावरात उतरतात, कमरेला ओटी बांधून. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला रुततात, हंगाम संपेपर्यंत बोटं बरी होत नाहीत. संध्याकाळी धुऱ्यावर (बांधावर) काटा टांगतात, गाठोडं आकड्याला अडकवतात आणि वजन वाचतो मालक किंवा त्याचा माणूस. काट्याचं तोंड बाईकडे नसतंच. वरचे अर्धा-पाऊण किलो सोडून द्यायचे, दवाचं म्हणून आणखी एखादा किलो वजा, फडक्याचं वजन वेगळं. हिशेब बाजाराच्या दिवशी, कधी कापूस विकल्यावर, कधी पार संक्रांत उलटून गेल्यावर. शेवटच्या वेच्याला तर झाडावर कापूसच थोडा, दिवसभर वाकूनही किलो भरत नाहीत, आणि नेमके तेच पैसे राहून जातात. "पुढच्या साली येशीनच ना" म्हणून.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात श्रीमंतांना सांगितलं आहे की, तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडवली ती ओरडते आहे आणि त्या कामकऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे. ज्या मोजक्या पापांबद्दल आपली ख्रिस्तसभा 'ती स्वर्गाकडे आक्रोश करतात' असं शिकवते, त्यांत भावाने मारलेल्या हाबेलाच्या रक्ताबरोबर कामगाराची मजुरी बुडवणंही येतं. म्हणजे खुनाच्या पंक्तीला. मी हे मुलांना शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी तीच मुलं आईबरोबर वेचायला जातात.

माझं म्हणणं असं. यंदा उपवासकाळाच्या दानातून एक चांगला, शिक्का मारलेला काटा घ्यावा आणि वेचणीच्या संध्याकाळी आपल्यातल्या दोघांनी तो घेऊन धुऱ्यावर उभं राहावं. मजूर कोणत्याही धर्माचा असो. दुसरं, ज्या घरात कर्त्या माणसाने आत्महत्या केली त्या घरच्या बाईचे सरकारी मदतीचे कागद पूर्ण होईपर्यंत तिच्याबरोबर चकरा माराव्यात. कोणी असं केलं आहे का? काय अडचणी आल्या?

दोन_एकर
ताई, तुमचं म्हणनं खरं हाये. पण मी स्वतः दोन एकराचा धनी. मजुराले पाप लावत नाई मी, पैसा देतोच. पण माह्याजवळ येते कुठून ते तं पाहा. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याले ७,७१० अन् लांब धाग्याले ८,११० रुपये क्विंटल. कागदावर. खरेदी केंद्रावर नेला तं ओल बारा टक्क्याच्या वर भरली म्हणून परत धाडते. घरी ठेवाले जागा नाई, दारात कृषी केंद्रवाला उभा, म्हणून व्यापाऱ्याले द्या लागते तो म्हनीन त्या भावानं. त्यात सरकारनं आगस्ट २०२५ मंदी बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, अन् मंग ती सूट डिसेंबर सरेपर्यंत वाढवली. नेमका आमचा माल बाजारात याच्या वक्ताले. मजुरीत खोट करनारा मोठा जमीनदार अन् माह्यासारखा एकाच टोपल्यात टाकू नका, येवढंच.

सेवाव्रती
दोन_एकर भाऊंनी मांडलेली अडचण खरी आहे, ती बाजूला सारून हे काम होणार नाही.

मी धर्मभगिनी आहे, पंचवीसहून अधिक वर्षं विदर्भातल्या खेड्यांत परिचारिका म्हणून काम करते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढलं. त्यातला एक विचार आपल्याकडच्या वावरात जसाच्या तसा लागू पडतो. मालक म्हणतो, दर ठरला होता, बाई कबूल होती. पोप सांगतात की नुसत्या कबुलीने करार न्याय्य होत नाही. पोटाच्या गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने माणूस कमी मजुरीला हो म्हणत असेल, तर त्याच्यावर जबरदस्ती झाली आहे, अन्याय झाला आहे. साधेपणाने राहणाऱ्या कामकऱ्याचं पोट भरेल एवढी मजुरी हा कुठल्याही कराराच्या आधीचा हक्क आहे. कामकऱ्यांनी संघटना करण्याचा हक्कही त्यांनी तिथेच मान्य केला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचं पहिलं मोठं लिखाण आलं तेही गरिबांवरच्या प्रेमाविषयी.

आता दवाखान्याबद्दल. २०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. शेकडो दवाखान्यात भरती झाली. कापसाची झाडं त्या साली डोक्याच्या वर वाढली होती, पाठीवरच्या पंपाने वर तोंड करून फवारायचं, औषध परत अंगावर. आमच्याकडे येणाऱ्यांची बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झालेली, तोंडाला फेस. अंगावरचे कपडे काढून साबणाने धुऊन, अ‍ॅट्रोपिन देऊन पुढे पाठवायचं. त्यात बरेच जण दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारायला गेलेले मजूर होते. हातमोजे, तोंडाला मास्क, काही नाही. आम्ही उपचार केले ते आमचं कर्तव्यच. पण रोजाने बोलावणाऱ्याने हातमोजे दिले पाहिजेत, दोन औषधं मिसळून विकणाऱ्या दुकानदाराला कोणी विचारलं पाहिजे, हे आम्ही ठासून सांगू लागलो ते नंतर. पऱ्हाटीताई ज्या कामाबद्दल लिहितात ते हेच. औषध देणाऱ्याला गाव नमस्कार करतं, प्रश्न विचारणाऱ्याला करत नाही. तरी विचारायचं.

मोकळं_रान
सगळं ठीक. पण चर्चने वावरात काटा घेऊन जायचं म्हटलं की गावात पहिली कुजबुज धर्मांतराचीच होणार. मदतीच्या मागे दुसरा हेतू नाही हे कशावरून? मी भांडायला विचारत नाही, गावात हा प्रश्न येणारच म्हणून विचारतो.

पऱ्हाटी
प्रश्न योग्य आहे आणि आमच्या भागात तो जुना आहे. १९५४ साली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला मध्य प्रदेश सरकारने नियोगी समिती नेमली, तेव्हा आपला विदर्भ त्याच राज्यात होता. १९५६ ला आलेला अहवाल मिशनांवर कडक टीका करणारा होता. त्या अहवालाशी माझे मतभेद आहेत, पण गरिबीचा फायदा घेऊन कोणाचा धर्म बदलू नये या मुद्द्यावर एकही मतभेद नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावर जो जाहीरनामा काढला, त्यातही श्रद्धेच्या बाबतीत कसलीही सक्ती किंवा गरिबांना आडमार्गाने वळवणं चुकीचंच ठरवलं आहे.

आमच्यापुरतं उत्तर म्हणजे हे काम फक्त चर्चचं ठेवायचंच नाही. काट्यापाशी दोघं उभे राहतील त्यांतला एक आमचा, दुसरा बचत गटातली कोणी ताई. वजनाची वही ग्रामपंचायतीत, कोणालाही पाहायला उघडी. काट्यापाशी ना प्रार्थना, ना पत्रकं. बायबलच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या माणसाला उचललं तेव्हा त्याचा धर्म विचारला नव्हता, आणि बरा झाल्यावर माझ्या मंदिरात ये असंही म्हटलं नव्हतं.

निळी_पहाट
मी बौद्ध आहे, शेजारच्याच तालुक्यातला. सरळ बोलतो.

न्याय हा शब्द मिशनवाल्यांच्या तोंडून ऐकला की बरं वाटतं, पण तुमच्या चर्चमधल्या जातीचं काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ ला शिखांचा समावेश झाला, आम्हा बौद्धांना तो मिळायला १९९० साल उजाडलं. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. कारण काय दिलं जातं, तर ख्रिस्ती धर्मात जात नाही. पण तुमच्याच बिशपांनी २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं आणि ख्रिस्तसभेत जातिभेद आहे हे लेखी मान्य केलं. मग वावरात न्याय मागताना घरातलाही मागणार का?

दुसरं. बाबासाहेबांनी आम्हाला दान मागायला शिकवलं नाही, हक्क मागायला शिकवलं. तुमची धान्याची पिशवी मला कधीच आवडली नाही. हा काट्याचा विचार मात्र आवडला.

पऱ्हाटी
भाऊ, घरातलाही मागणार. माझे आजोबा ज्या जातीतून आले तिचं नाव आमच्याकडेही सोयरिकीच्या वेळी निघतं. लग्न ठरवताना "मूळचे कोण" हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे, तोही मिस्सा संपवून बाहेर आलेल्या माणसांकडून. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी यावर स्पष्ट बोलते आणि त्यामुळे काही घरं माझ्यावर नाराज आहेत. राहू देत. आणि दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा म्हणून देशभर १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात, त्याची माहिती आमच्या गावात पहिल्यांदा मीच दिली.

दानाबद्दल तुम्ही म्हणता त्याच्या जवळचं बोलणं आमच्याकडे चौथ्या शतकापासून आहे. संत अँब्रोज म्हणतात, गरिबाला देतोस ते तुझ्यातलं देत नाहीस, त्याचंच त्याला परत करतोस. पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या परिपत्रकात हेच वाक्य घेतलं. आपण दोघं वेगळ्या वाटेने एकाच वावरात पोहोचलो आहोत. वही सांभाळायला तुमच्याकडचं कोणी आलं तर मला फार आनंद होईल.

झाडीपट्टी
गडचिरोलीतून. तुमचा प्रश्न मजुरीचा आहे, आमच्याकडे त्यात शांततेचा प्रश्न मिसळलेला आहे.

कितीतरी वर्षं इथला आदिवासी दोन बंदुकांच्या मधे राहिला. रात्री दलमवाले (नक्षलवादी) जेवण मागत, सकाळी पोलीस विचारत, जेवण कोणी दिलं? ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आम्ही सगळेच आनंदलो, पोरं रात्री बाहेर पडू लागली. पण बंदूक थांबली म्हणजे शांतता आली असं मला वाटत नाही. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ मध्ये, क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या प्रसंगाने जग अणुयुद्धाच्या काठावर जाऊन आल्यावर, शांततेवर परिपत्रक काढलं. ते फक्त कॅथलिकांना उद्देशून नव्हतं, सद्भावना असलेल्या सगळ्यांना होतं. त्यांनी शांततेला चार आधार सांगितले: सत्य, न्याय, प्रेम, स्वातंत्र्य. आमच्याकडे यातला न्याय म्हणजे जंगल. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव स्वतः बांबू विकू लागलं, सगळे निर्णय सर्वसहमतीने. हे चर्चने केलेलं नाही, गावाने केलं. माझ्या लेखी ते शांततेचंच काम आहे. दुसरीकडे सुरजागडच्या लोहखाणींचा वाद अजून धुमसतो आहे.

आणि किंमत मोजावी लागते हेही सांगतो. झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी आणि खटल्याविना तुरुंगात सडणाऱ्या पोरांसाठी काम करणारे येशूसंघी (जेझुइट) फादर स्टॅन स्वामी. ८ ऑक्टोबर २०२० ला अटक, तळोजा तुरुंग, कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉची नळी मागावी लागली. ५ जुलै २०२१ ला, जामीन न मिळता, ८४ व्या वर्षी मुंबईत मृत्यू. खटला उभाच राहिला नाही. मी प्रत्येक ५ जुलैला घरी मेणबत्ती लावतो.

सेवाव्रती
झाडीपट्टी, तुम्ही किमतीचा विषय काढला म्हणून सिस्टर राणी मारियांबद्दल लिहिते. विदर्भाच्या शेजारचीच गोष्ट आहे, मध्य प्रदेशातली. इंदूरजवळच्या उदयनगर भागात त्या भूमिहीन आदिवासींना सरकारी योजना समजावून सांगत, बँकेचं कर्ज मिळवून देत, बचत करायला शिकवत. सावकारी करणाऱ्यांना ते सोसलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या बसमध्ये, लोकांच्या देखत त्यांना भोसकून मारलं. मारेकरी समंदर सिंह. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

लोक ही गोष्ट फक्त क्षमेची म्हणून सांगतात, आणि मला ते अर्धं वाटतं. क्षमा थोर आहेच. पण राणी मारिया मारल्या गेल्या त्या कर्जाच्या कागदामुळे, आदिवासींना हिशेब वाचायला शिकवल्यामुळे. तुमच्या धुऱ्यावरच्या वहीचं काम त्याच प्रकारचं आहे. जपून करा, एकट्याने करू नका, पण करा.

तालुका_कोर्ट
मी वकिली करतो, कॅथलिक नाही. आत्महत्याग्रस्त घरांच्या कागदांबद्दल थोडं.

राज्याच्या योजनेत पात्र घराला एक लाख मिळतात, त्यातले ३०,००० हाती आणि ७०,००० ठेव म्हणून. 'अपात्र' शेरा बहुतेक कशाने पडतो? जमीन मयताच्या नावावर नाही, सासऱ्याच्या नावावर आहे. किंवा कर्ज बँकेचं नाही, गावातल्या विनापरवाना सावकाराचं आहे, म्हणून तगाद्याचा पुरावा नाही. आणि बाई स्वतः कसत असली, तिनेच जीव दिला, तर सातबारावर नाव नसल्याने ती शेतकरी ठरतच नाही. म्हणून माणूस जिवंत असतानाच वाटणी, फेरफार करून घ्यायला सांगा. मृत्यूनंतर वारस नोंद ताबडतोब टाका. तलाठ्याकडे तोंडी सांगून येऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

बेकायदा सावकारीत जमीन लिहून गेली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीचाच होता असं चौकशीत निघालं तर जमीन परत मिळू शकते. १९८७ च्या कायद्याने कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न किती का असेना, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्याच आवारात असते. बायांना हे माहीत नसतं आणि आवारात पाय ठेवायची त्यांना भीती वाटते. कोणी बरोबर आलं तर निम्मं काम तिथेच होतं.

मोकळं_रान
वही ग्रामपंचायतीत उघडी ठेवणार असाल आणि बचत गट सोबत असेल, तर माझी हरकत उरत नाही. आमच्या गावात केलं तर मी येईन.

दोन_एकर
ताई, एक सुचवू का. काटा घेताच तं तोच काटा आमच्याही कामी आना. व्यापारी गावात येऊन माल मोजते तवा तोही आपलाच काटा आनते, अन् क्विंटलमागं कटती लावते. म्हंजे बाईची खोट म्या केली, माही खोट त्यानं केली. तुमी मजुराच्या बाजूनं धुऱ्यावर उभे राह्यसान तं आमी दुस्मन समजू. पन माल इकाच्या दिवशी आमच्याही बाजूनं उभे राह्यले तं गावातले पन्नास शेतकरी तुमच्यासंगं येतीन. मंग मजुरीत खोट कराले आमालेच लाज वाटीन.

पऱ्हाटी
भाऊ, तुम्ही हे सुचवलंत आणि माझ्या डोक्यातली सगळ्यात मोठी गाठ सुटली. मजूर आणि लहान शेतकरी यांत कोणाच्या बाजूने, या प्रश्नावर आमची बैठक दोनदा मोडली होती. फादरांना काल हेच वाचून दाखवलं. ते म्हणाले, बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला मालक संध्याकाळी पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण दिनार देतो, कारण दिनार म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकर. पण आपल्या गावात मालकाच्याच हाती दिनार येत नसेल तर आधी त्याचा दिनार कुठे अडला ते शोधावं लागेल.

बैठकीत ठरलं ते असं. उपवासकाळाच्या दानपेटीतून काटा घ्यायचा, वैधमापन खात्याचा शिक्का बघूनच, आणि शिक्क्याची मुदत वहीच्या पहिल्या पानावर लिहायची. फडक्याचं वजन आधी मोजून लिहायचं, म्हणजे त्यावरून वाद नको. दवाची वजावट बंद, त्याऐवजी सकाळचा आणि दुपारनंतरचा माल वेगळा ठेवायचा. यंदा वेचणी संपत आली आहे, त्यामुळे मजुरांच्या काट्याची खरी सुरुवात पुढच्या हंगामात सीतादहीच्या, म्हणजे वेचणी सुरू होण्याच्या दिवसापासून. घरात साठवलेला कापूस विकणाऱ्यांसाठी मात्र याच महिन्यात. निळी_पहाट भाऊंकडून दोन मुली वही लिहायला येणार आहेत, त्यांचं गणित आमच्या सगळ्यांपेक्षा पक्कं आहे.

तालुका_कोर्ट साहेब, आमच्या आणि शेजारच्या गावच्या मिळून चार बाया तयार आहेत. दोघींच्या अर्जावर 'अपात्र' शेरा आहे, एकीची वारस नोंद अजून झालेली नाही, चौथीचं वावर सावकाराकडे लिहून गेलं आहे. तिच्याजवळ खरेदीखताची झेरॉक्स आहे आणि व्याज दिल्याच्या तारखा तिने कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत. कॅलेंडर आणू का? पुरावा म्हणून चालेल?

तालुका_कोर्ट
कॅलेंडर जरूर आणा, मूळ आणा, झेरॉक्स नको. त्यावर काही खोडाखोड करू नका, पान फाडू नका. पैसे देताना जे कोणी हजर होते त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहून घ्या. सोमवारी नको, त्या दिवशी आमच्याकडे गर्दी असते. मंगळवारी अकराला समितीच्या खोलीसमोर या, आधार आणि सातबारा घेऊन. मी तिथेच असेन.